सेटल पोरांचे तुळशीरामभाऊ

अमडापूरच्या आसपासच्या खेड्यांत 'सेटल' हा इंग्रजी शब्द कुणी आणला असं मला कुणी विचारलं, तर मी डोळे झाकून तुळशीरामभाऊंचं नाव सांगेन. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात उभा जन्म घालवला. भिंतीवर तक्ते टांगले, पाठांतरं घेतली, पोरांचे कान पिळले, पण माझा एकही शब्द कुणाच्या चुलीपर्यंत पोचला नाही. भाऊंचा पोचला. आज आमच्या गावात ज्या बाईला स्वतःची सही धड करता येत नाही, तीसुद्धा मुलीचं स्थळ आलं की पदर सावरून पहिला प्रश्न तोच विचारते.

भाऊ आमचे शेजारी. सोयरिकी जमवणं हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. घरची शेती आधी त्यांचा धाकटा भाऊ पाहायचा, पुढे मुलगा गोपाल पाहू लागला. भाऊ पांढरी टोपी घालून, करकर वाजणाऱ्या चपलांनी गावोगाव हिंडत. पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही. लग्नात टॉवेल-टोपी मिळाली की त्यांना सगळं पावलं. त्यामुळे त्यांच्या घरात टॉवेलांचा नुसता सुकाळ होता. भांडी पुसायला टॉवेल, म्हशीची कास पुसायला टॉवेल, न्हाणीच्या दाराला पडदा म्हणूनही टॉवेलच. त्यांची बायको शांताबाई म्हणायची, "इतले लगनं जमवले यायनं, पन एक धड चादर नाई आली घरात."

स्थळ पाहायची भाऊंची एक रीत होती आणि ती मला मनापासून आवडायची. ते कधी सांगून जात नसत. भर दुपारी, घरातली माणसं सैलावलेली असताना, दारात उभं राहून पाणी मागत. मुलगा स्वतः उठून पाणी देतो की बसल्या जागेवरून आईला ओरडतो, हे ते पाहत. ओरडला की तो मुलगा गेला कामातून. मग ते गोठ्यात जात आणि बैलांच्या मानेवरून हात फिरवत. मानेवर जखम सापडली की ते घर त्यांनी सोडलंच, मग घरावर कितीही मजले असोत. "जो मुक्या जनावराले नाई पाहत, तो बायकोले काय पाहीन," असं ते म्हणत. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्यांनीच जमवलं होतं. ती आजही सुखात आहे, हे मी कबूल केलं पाहिजे.

इतकं सगळं पाहून झालं की मुलीच्या घरी बसून ते त्याचं वर्णन करत. तेव्हा मात्र ऐकणाऱ्यांना जांभया येत. कोरडवाहू किती, ओलीत किती, विहीर सामाईक की स्वतःची, आईचा स्वभाव, थोरल्या भावाची बायको, बैलांची नावं. असंच एकदा शेजारच्या गावात वर्णन चालू असताना मुलीचा पुण्यात राहणारा काका मध्येच म्हणाला, की ते सगळं ठीक आहे, पण मुलगा सेटल आहे का? भाऊंना शब्द कळला नाही. पण चारचौघांत अडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "हाव, एकदम," म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला आणि लग्न जमलं.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. म्हणाले, "मॅडम, सेटल म्हंजे काय हो? म्या तं हाव म्हनून बसलो." गावातल्या कुणी आपणहून मला इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारावा, हे माझ्या नोकरीत तोवर घडलं नव्हतं. मी हुरळले आणि माहीत होतं ते सगळं सांगितलं. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसतो तेही सेटल, दोन माणसांचं भांडण मिटतं तेही सेटल, पाखरू फांदीवर येऊन बसतं तेही, आणि माणूस एका जागी घर करून राहतो तेही. भाऊंनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात गुंडाळलं, "म्हंजे बूड टेकलं." मी म्हटलं, जवळपास तेच. तर म्हणाले, "मंग बेस हाय. माह्यं अर्ध्या घंट्याचं काम एका शबदात भागते."

पहिली काही वर्षं भाऊंच्या तोंडी हा शब्द चांगला ऐसपैस होता. स्वतःची विहीर असलेला मुलगा सेटल, पिठाची गिरणी टाकलेला सेटल, चिखलीच्या स्टँडजवळ शिलाईचं मशीन घेऊन बसलेला सेटल. परीक्षेच्या पेपरात मी त्यांना पूर्ण गुण दिले असते. मग हळूहळू शब्द आकसायला लागला. आधी त्यातून शेती गेली, मग दुकान गेलं, मग जिल्ह्यातली नोकरी गेली. शेवटी पुणे, चाकण आणि रांजणगाव एवढंच उरलं. लोक बदलले म्हणून शब्द बदलला असं भाऊ सांगत, पण ते अर्धंच खरं होतं. साधा, कष्टाळू मुलगा सांगा म्हणून आलेल्या बापालाही भाऊ स्वतःच समजावत, "मेहनती नको पाहू, बावा. सेटल पाहा." बाप घरी जाऊन बायकोला तेच सांगायचा आणि ती आपल्या बहिणीला.

भाऊंची ती जुनी रीतही सुटली. चाकणच्या खोलीत ना गोठा, ना बैल, पाणी तर जारचं. तिथे जाऊन पाहणार काय? मोबाइलवर कंपनीचं नाव विचारायचं आणि पुढे सांगायचं. बाजाराच्या दिवशी ते सलीमभाई मनियारच्या बांगड्यांच्या दुकानावर टेकत, कारण लग्नघरच्या बायका तिथे हटकून येत. सलीमभाई एकदा बांगड्या भरता भरता म्हणाला, "भाऊ, पयले तुमी पोरगा दाखवत होते. आता नुसतं पुनंच दाखवून राह्यले." भाऊ हसले आणि समोर उभ्या असलेल्या बाईला मुलीचं वय विचारू लागले.

आमच्याच आळीतली कासाबाई एकदा त्यांच्याकडे आली होती. मी तिथेच होते. तिच्या मुलाला पोरगी मिळत नव्हती. मुलगा निर्व्यसनी, राबणारा, आईला देवासारखा जपणारा. भाऊ म्हणाले, की पोरात काही वाईट नाही, पण तो सेटल नाही, मी कुठं तोंड उघडू? कासाबाई म्हणाली, "तो तं जलमल्यापासून याच गावात हाय, याच वावरात हाय. अजून कितीक सेटल व्हावं त्यानं?" तिने हे रडकुंडीला येऊन म्हटलं होतं. भाऊंनी पुढे कित्येक दिवस ते विनोद म्हणून बाजारात सांगितलं, आणि लोक पोट धरून हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण मीही त्यांना कधी थांबवलं नाही.

आता गोपालबद्दल. हा माझा विद्यार्थी. इंग्रजीत बेताचाच, पण हातात कसब असलेला. बारावीनंतर त्याने देऊळगाव राजाकडे जाऊन शेडनेटमधलं बीजोत्पादन पाहिलं आणि घरच्या वावरात हिरवी जाळी उभारून मिरचीचं बियाणं घ्यायला लागला. हे फार नाजूक काम. कळी उमलायच्या आत चिमट्याने सोलायची, दुसऱ्या झाडाच्या फुलातला पराग तिला लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. सकाळी गावातल्या बायका त्याच्या जाळीत रांगेने बसलेल्या असत आणि गोपाल त्यांच्यातून वाकून वाकून फिरत असे. कंपनीचे साहेब त्याचं बियाणं पाहून खूश होते. त्याने घराला स्लॅब टाकला, आईला घरातच नळ दिला. चाकणला राबणारी कितीतरी मुलं सणाला गावी आली, की त्याच्या जाळीत येऊन मुकाट्याने उभी राहत.

पण घरी पाहुणा आला की भाऊ त्याची ओळख एकाच पद्धतीने करून देत, "हा आमचा गोपाल. सध्या वावरात हाय." हे 'सध्या' मी कित्येक वर्षं ऐकलं. गोपाल ते ऐकून हसायचा आणि पाहुण्याला पाणी द्यायला स्वतः उठायचा.

त्याचं वय वाढत चाललं होतं. शांताबाई देवाला नवस बोलून थकली होती. अशात मोताळ्याचे विश्वासराव आपणहून आले. त्यांना स्वतःला शेडनेट टाकायचं होतं, म्हणून ते आधी एकदा गोपालचं काम पाहून गेले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी मुलीला आणलं. पूजा तिचं नाव, शेतीच्या कॉलेजात शिकलेली. तिने गोपालला इतके प्रश्न विचारले की दुपारची संध्याकाळ झाली. तिसऱ्या खेपेला विश्वासरावांनी शांताबाईलाच विचारलं, की पोरीच्या मनात आहे, तुमचं काय म्हणणं? शांताबाई माझ्या घरी धावत आली आणि माझा हात धरून बसली. मध्यस्थ नाही, वर्णन नाही, सरळ पोरानं आपल्या कामावर मिळवलेलं स्थळ. मला फार आनंद झाला होता.

ठरल्या दिवशी विश्वासराव, पूजा आणि पूजाचा मामा घर पाहायला आले. मी स्वयंपाकघरात शांताबाईच्या हाताखाली होते. पोहे झाले, चहा गेला. गोपाल हात धुऊन मागच्या दाराने आत आला होता आणि आमच्याजवळच उभा होता. बाहेर सगळं हसत-खेळत चाललं होतं. आता कुंकवाची तारीख काढायची तेवढी बाकी होती. विश्वासराव हसतच म्हणाले, "भाऊ, तुमी दुनियेचे लगनं जमवले. आज मधात दुसरा मानूस नाई, म्हून तुमालेच इचारतो. पोरगा सेटल हाय ना?"

हा प्रश्न नव्हताच. भाऊंची थोडी थट्टा होती, थोडा मान होता. त्यांनी फक्त 'हाव' म्हणायचं होतं. भाऊंनी बशी खाली ठेवली. त्यांचा आवाज मला आतून स्वच्छ ऐकू आला. "विश्वासराव, तुमाले खोटं कशाले सांगू? सेटल नाई म्हनता येत. सध्या वावरात हाय." बाहेर कुणी काही बोललं नाही. भाऊंना बहुतेक ती शांतता सहन झाली नसावी. ते सवयीने पुढे म्हणाले, "तुमाले सेटलच पाह्यजे असन तं माह्या पाहन्यात एक हाय. चाकनले कंपनीत हाय."

शांताबाईने गॅस बंद केला. मी गोपालकडे पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. बाहेर विश्वासराव घाईघाईने म्हणत होते, की आम्ही तसं काही म्हणत नव्हतो, तुम्ही उगीच मनावर घेता. पण तोवर पूजाचा मामा पुढे सरकून विचारत होता, चाकणला कोणत्या कंपनीत? आणि भाऊ त्याला सांगत होते. गोपालने आमच्या हातातला उरलेल्या चहाचा ट्रे घेतला, बाहेर जाऊन तो सगळ्यांपुढे धरला आणि विचारलं त्याची नीट उत्तरं दिली. पाहुणे उन्हं उतरायच्या आत गेले.

मामाने परतीच्या वाटेवर विश्वासरावांना जे सांगितलं, ते पुढे सगळ्या भागात पसरलं. सख्खा बाप पोराबद्दल शब्द द्यायला तयार नाही, म्हणजे पोरात काहीतरी खोट असणार. पीत असेल, नाहीतर कुठे लफडं असेल. पूजाने घरी बरीच आदळआपट केली म्हणतात. पण पुढच्या लग्नसराईत तिचं त्या चाकणच्या मुलाशी लग्न लागलं आणि भाऊ टॉवेल-टोपी घेऊन घरी आले. शांताबाईने तो टॉवेल घडीसकट म्हशीच्या गोठ्यात टाकला. त्या दिवसापासून सोयरिकीच्या कामाने आलेल्या माणसाला तिने त्या घरात चहा केला नाही. भाऊ पाहुण्यांना घेऊन स्टँडवरच्या हॉटेलात बसू लागले.

मी त्यांना जाऊन विचारलं. शेजारधर्म विसरून चांगलं खडसावून विचारलं, की असं का केलंत? ते गोंधळले. त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण काहीतरी मोठं पाळलं. "माह्या शब्दावर लोकं पोरी देतेत, मॅडम. उद्या म्हनतीन, तुळशीरामनं सोताच्या घरासाठी माप बदललं." चाकणचा तो मुलगा ठेकेदाराच्या हाताखाली होता, कधीही घरी बसवतील असा होता, हे त्यांना ठाऊक होतं. लोकांच्या पोरांसाठी त्यांचं माप हवं तसं ताणलं जायचं. फक्त गोपालच्या वाट्याला ते सोनाराच्या काट्याइतकं कडक झालं. मला त्या माणसाचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

गोपालने भांडण केलं नाही. त्याने उभं पीक नीट काढलं, बियाणं कंपनीला दिलं आणि मग एक दिवस जाळी खाली उतरवून गुंडाळली. पाइप देऊळगाव राजाकडच्या एका मित्राने नेले. मजुरीला येणाऱ्या बायका बांधावर उभ्या राहून पाहत होत्या. त्यातली एक म्हणाली, काऊन रे गोपाल, आमचं काय आता? त्याने तिला काहीतरी समजावलं. चाकणला निघायच्या दिवशी तो माझ्या पाया पडायला आला. मी म्हटलं, कशाला जातोस, इथे काय कमी आहे तुला? तो चप्पल घालता घालता म्हणाला, "मॅडम, आता बाबाले लोकाईले सांगाले सोपं जाईन."

आणि सोपं गेलंच. वर्षाच्या आत दुसऱ्या कुणीतरी त्याची सोयरीक जमवली. मुलीकडच्यांनी कंपनीचं नाव विचारलं, आणखी काही विचारलं नाही. गोपाल तिथे खोक्यांवर पट्ट्या चिकटवायचं काम करतो. एक खोली, एक ओटा, आठवड्याला बदलणारी पाळी. वावर बटईने दिलं आहे. जिथे जाळी होती तिथे आता सोयाबीन असतं.

भाऊंना मी अलीकडे पाहिलं ते चिखलीच्या स्टँडवर. खामगावची गाडी लागली होती आणि मी आत जाऊन बसले होते. ते मुलाकडे महिनाभर राहायचं म्हणून गेले होते आणि आठवडाही न काढता परतले होते. फार वाळले होते. माझ्याशेजारची जागा रिकामी होती तिथे बसले आणि आपणहून सांगू लागले. गोपालची रात्रपाळी, तो दिवसा झोपणार. खोली एकच. सुनेने कपडे कधी बदलावे, कुठे बसावं? म्हणून भाऊ दिवसभर इमारतीच्या जिन्यात बसून राहायचे. येणारे-जाणारे त्यांना चौकीदार समजून पत्ते विचारायचे. गोपाल बोलला का काही, असं मी विचारलं. म्हणाले, "चांगलं बोलते. जेवले का, झोपले का, इचारते." मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

पुढच्या बाकावर एक गृहस्थ होते. संग्रामपूरकडचे, बोलक्या स्वभावाचे. धाकट्या भाचीसाठी स्थळं पाहत हिंडतो आहे, म्हणाले. भाऊ खिडकीबाहेर पाहू लागले. मग तेच मागे वळून सांगू लागले. थोरलीला पुण्याकडे दिली, जावई सेटल म्हणून दिली. आता ती दोन लेकरं घेऊन माहेरी आहे, कारण जावयाचं काम गेलं आणि तो गावी यायला लाजतो. म्हणून धाकटीसाठी घरात ठरवलं आहे. पोरगा घरी राहणारा पाहिजे, शेती मन लावून करणारा. ते शेडनेटचं की काय असतं, तसं काही करत असेल तर फारच चांगलं. तसा कुणी पाहण्यात आहे का?

गाडी अमडापूरच्या अलीकडे आली होती. भाऊ बाहेर पाहत म्हणाले, "होता एक."

"मंग?"

"जमत आलं होतं त्याचं. त्याच्या बापानं शबद टाकला नाई."

गृहस्थांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "असाई बाप राह्यते का कुठं?"

"राह्यते," भाऊ म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि गाडी थांबायच्या आधीच दांड्याला धरून उठले.